पिसांची पिशवी

सोमवारी सकाळी दाजींनी दुकान उघडलं. अकरा वाजता त्यांनी चहा सांगितला. चहावाला आला तेव्हा दाजी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते. चहावाल्याने हाक मारली. मग त्याने मला फोन केला. मी पोचलो, डॉक्टर पोचले, आणि डॉक्टरांनी मान हलवली.

मला अजून त्या स्टुलाचंच आश्चर्य वाटतं. मशिनीवर काम असेल तेवढा वेळच दाजी बसत. एरवी ते उभे असत, आणि उभे असले तरी एका जागी नसत. चहा उभ्याने, निम्मं जेवण उभ्याने, वर्तमानपत्र दुकानाच्या फळीवर पसरून येता-जाता. त्यांचा उजवा पाय मशीन नसतानाही मशीन चालवायचा. लग्नात खुर्च्यांच्या ओळीत ते बसले की ओळीतला शेवटचा माणूस मागे वळून बघायचा, ट्रक कुठून चाललाय म्हणून. आक्का म्हणायची, "देवानं ह्यांना बूड दिलंच न्हाय. नुसतं पाय दिल्यात."

आक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो. त्या दिवसापासून दाजी मला 'पावणं' म्हणत. पुढे मी राजारामपुरीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो, शिवाजी पेठेत त्यांच्याच गल्लीत राहायला आलो, निवृत्त झालो, तरी पावणाच राहिलो. तसे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकालाच पावणं म्हणत. मला म्हणताना शेवट जरा लांबवत, एवढाच नात्याचा फरक.

दुकान चेन दुरुस्तीचं. दप्तरं, जॅकेटं, प्रवासाच्या बॅगा. दाजींचं मत होतं की चेन कधी आपणहून खराब होत नाही, माणसं ती खराब करतात. "चेन वडायची नसती, पावणं. चालवायची असती. तुमी बैल वडत न्हेता काय?" असं म्हणत ते मेणबत्तीचा तुकडा चेनच्या दातांवरून दोनदा फिरवत आणि अडलेली चेन पाण्यासारखी चालू लागे. गिऱ्हाईक ओशाळून हसे.

मग पेठेतली पोरं डोंगर चढायला लागली. पन्हाळा, गगनबावडा, दाजीपूरचं जंगल. त्यांच्या स्लीपिंग बॅगा चेनसाठी दाजींकडे यायला लागल्या. दाजींनी स्लीपिंग बॅग हा शब्द कधी वापरला नाही. ते पिशवी म्हणत. आधी ते नुसती चेन दुरुस्त करून देत. पण मळलेली पिशवी हातात धरणं त्यांना जमेना, म्हणून धुऊन देऊ लागले. पुढे स्वतःच्याच वीसेक पिशव्या केल्या आणि पोरांना भाड्याने देऊ लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या दोरीवर सैल टांगलेल्या असत, पोटं फुगवून. बारक्या गोल पिशवीत कोंबून ठेवलेली एकही नसे. भाड्याने नेलेली पिशवी कुणी चार दिवस तशीच कोंबून ठेवून परत आणली, की दाजींचा आवाज चौकापर्यंत जाई.

"कवा आलासा डोंगरावरनं?"

"रविवारी."

"आन आज काय?"

"गुरुवार."

"मंजे चार दिस हिला ओली बांधून ठेवली. तुला बांधू का चार दिस? पिशवीला झोपू दे की लेका. ती झोपली तर तुला झोपवंल."

मग ते पिशवीत तोंड घालून वास घेत आणि पोरं कुठे गेली होती ते सांगत. ओल्या पाचोळ्याचा वास म्हणजे दाजीपूर. धुराचा म्हणजे कुठलीतरी गुहा. एकदा नाक बाहेर काढून म्हणाले, "सुकं बोंबील भाजलंसा. बरं केलासा. पर पिशवीत बसून कशाला?" पोरं हरली.

चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला एक पोरगा पिशवी घेऊन गेला. डोंगरावर गुलालात झोपला आणि परत आणली तेव्हा पिशवी आतून-बाहेरून गुलाबी. दाजींनी ती सात वेळा धुतली. सातव्या वेळीही पाणी गुलाबीच आलं. मग ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ, म्हणजे त्यांच्या मानाने बराच, दोन मिनिटं उभे राहिले. म्हणाले, "देवाचा रंग हाय. आपला साबण कुटला पुरायचा?" त्यानंतर ती पिशवी त्यांनी कुणाला दिली नाही. ती मागच्या खोलीत शेवटच्या खिळ्याला टांगलेली असे. नवीन आलेलं पोरगं हमखास तीच मागे, आणि दाजी सांगत, "ती बुक हाय."

ज्या पिशवीविषयी मला लिहायचं आहे ती मात्र निळी होती.

राजारामपुरीतले एक डॉक्टर ती घेऊन आले. परदेशातून आणलेली, आत खरी बदकाची पिसं. त्यांनी ती घरच्या मशिनीत साबणाच्या पावडरीने धुतली होती आणि पिळून काढली होती. पिसांचे फणसाच्या गऱ्यांसारखे गोळे झाले होते आणि दोन कप्पे आतून फाटले होते, चेनही अडत होती. "बायको म्हणते फेकून द्या," डॉक्टर म्हणाले, "पण म्हटलं एकदा विचारावं."

दाजी म्हणाले, "टाकायचीच हाय न्हवं? मग हितंच टाका."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात आले. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलांमधून फिरत फिरत म्हणाले, "पावणं, येवढी पुस्तकं हाईत. पिसं धुवायचं येकांद आसंलच की."

नव्हतं. तीन दिवस शोधून मला कुक्कुटपालनावरच्या एका जुन्या पुस्तकात बदकांविषयी एक परिच्छेद मिळाला. त्यात लिहिलं होतं की पिसावर तेलाचा थर असतो, त्यामुळे पीस पाण्याला आत येऊ देत नाही. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांचा पाय थांबला. म्हणाले, "मंजे तेल गेलं की पीस मेलं. सोडा न्हाय, पावडर न्हाय. रिठा. रेशमाला चालतोय त्यो पिसाला चालायचाच." निघताना दारातून वळून म्हणाले, "पुस्तकात बी आसतंय म्हणायचं कवा कवा."

माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक मला नोकरीत कुणी केलं नाही.

घराच्या गच्चीवर निळं पिंप आडवं कापून केलेला एक टब होता. त्यात कोमट पाणी, रिठ्याचा फेस. पिशवी उलटी करून त्यात सोडायची आणि तळहाताने दाबायची. चोळायची नाही, आपटायची नाही, पिळायची तर मुळीच नाही. पाणी बदलत जायचं, फेस संपेपर्यंत. सगळ्यांत अवघड काम टबातून बाहेर काढायचं, कारण पाणी प्यायलेली पिसं जड होतात आणि एका टोकाला धरून उचललं तर त्यांच्याच ओझ्याने आतले कप्पे फाटतात. दाजी राधानगरीकडच्या गावातले. ते म्हणत, "नुकतं झालेलं वासरू. पाय धरून उचलायचं न्हाय, पोटाखाली हात घालायचं." मग मी आणि ते दोन्ही बाजूंनी हात घालून ती उचलत असू आणि पत्र्याच्या सावलीत बाजेवर ताणलेल्या मच्छरदाणीवर निजवत असू. नंतर वाट बघायची. तासातासाने उलटायची, बोटांनी गोळे सोडवायचे. वरून कापड दोन तासांत सुकतं. माणूस फसतो तो इथेच. मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "दाजी, वाळली." त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "आत ओली हाय अजून."

चार दिवस ते हेच म्हणाले. पाचव्या दिवशी काही म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं.

आक्काला ती पिशवी पहिल्यापासून आवडली नाही. "जित्या मानसानं असलं गुंडाळून घ्यायचं व्हय? तिरडीला बांधल्यागत."

"तिरडीला चेन नसती," दाजी म्हणाले.

फाटके कप्पे शिवून चेनही दुरुस्त झाल्यावर तिची परीक्षा घ्यायची होती. आतून उघडली पाहिजे, नाहीतर माणूस अडकेल. मे महिना, दुपारचे दोन. दाजींची मुलगी तेजू हिची तेव्हा नुकतीच दहावी झाली होती. तिला आणि मला घड्याळ घेऊन उभं केलं आणि दाजी गच्चीच्या पत्र्याखाली त्या पिशवीत शिरले. पाच मिनिटांनी हाक मारा म्हणाले. चेन वरपर्यंत गेली, नाक तेवढं बाहेर. थोडा वेळ खालच्या टोकाला त्यांचा पाय हलत होता. मग हलायचा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेजूने माझ्याकडे पाहिलं. दाजी झोपले होते. आम्हां दोघांपैकी कुणीच त्यांना कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. आम्ही उठायच्या आधी ते उठलेले असत, आम्ही झोपल्यावर कधीतरी झोपत असावेत. तेजूने पुठ्ठा घेऊन वारा घातला. पाऊण तासाने ते घामाने निथळत बाहेर आले.

"चेन बरूबर हाय," म्हणाले.

"बाबा, तुम्ही घोरत हुतासा."

"ती पिशवी घोरत हुती."

बहुधा त्या दुपारीच ठरलं की ती पिशवी भाड्याने द्यायची नाही. ती तेजूची. दाजींनी बर्फाचा डोंगर कधी पाहिला नव्हता. पण पिशवीवर शिवलेल्या कापडी चिठ्ठीवर ती किती थंडीपर्यंत चालते ते लिहिलेलं होतं, आणि तेवढी थंडी कुठे पडते हे त्यांनी मला चारदा विचारलं होतं. "जाऊन झोपून ये आन मला सांग," ते तेजूला म्हणत. "मला तितं जायला जमायचं न्हाय. मी काय चार तास गाडीत बसायचा मानूस हाय व्हय?"

सहा वर्षांनी तेजूची इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा झाली तेव्हा तिला हिमालयातल्या एका शिबिरात जागा मिळाली. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. सामानाच्या यादीत पिशवी स्वतःची आणावी असं होतं. दाजींनी ती ओळ पेनाने अधोरेखित करून यादी दुकानाच्या फळीवर चिकटवली. नंतर आला तो सोमवार.

पिसांची पिशवी कपाटात कोंबून चालत नाही. म्हणून दाजी ती स्वतःच्या दिवाणावर गादीसारखी सैल पसरून ठेवत, वर चादर घालत. घरी येणाऱ्याला ते त्यांचं अंथरूणच वाटे.

सुतक फिटायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत आहे. गेलेल्या माणसाचं अंथरूण नदीवर न्यायचं, एक तर धुवायचं नाहीतर तिथेच सोडायचं. दाजींची थोरली बहीण, तेजूची आत्या, गावाहून त्यासाठीच आली होती. गठडी बांधताना आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "ते निळं टाकू नगा. पोरीचं हाय."

मी बाहेरच्या खोलीत तेराव्याची सूचना वर्तमानपत्रासाठी लिहीत होतो. वाक्य नीट बसत नव्हतं. मी एक विशेषण काढत होतो, पुन्हा घालत होतो. आत्या आणि भावकीतल्या दोघी गठडी घेऊन माझ्यासमोरून गेल्या. चादरीच्या गाठीतून निळं टोक बाहेर आलेलं मला दिसलं. मी ते ओळखलं. वाक्य पुरं करावं आणि उठावं, असं माझ्या मनात आलं. वाक्य पुरं झालं तेव्हा रिक्षा गल्लीतून बाहेर पडली होती. आक्काच्या शेजारी कुणीतरी रडत होतं, मी पुन्हा खाली बसलो. पंचगंगेचा घाट काही लांब नाही. मला चालत जाता आलं असतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

दुपारी तेजू गच्चीवर गेली आणि तिने हाक मारली. पिशवी तारेवर मधोमध टाकलेली होती. दोन्ही टोकांना ओल्या पिसांची पोटं लोंबत होती आणि त्यांतून पाणी गळत होतं. तेजू खाली उभी होती. दोन्ही हात पिशवीच्या पोटाखाली घालून तिने ओझं तोलून धरलं होतं. "मामा, काढा की तारेवरनं. माझ्यानं सुटायची न्हाय."

आत्या मागून आली. ती समाधानात होती. "माझ्या भावाचं अंथरूण. कुणाला हात लावू दिला न्हाय. सोड्यात भिजवलं, दगडावर आपटलं, चार पान्यानं काढलं. येक डाग ठिवला न्हाय बघ."

मग तिने आमची तोंडं पाहिली. "काय झालं?"

कोण काय सांगणार? तिने वाकळ धुवावी तसं धुतलं होतं आणि वाकळीपेक्षा जास्त मनापासून धुतलं होतं. तेजू म्हणाली, "काय न्हाय आत्या." आत्या खाली गेली, आणि कुणीतरी तिला सांगितलं असावं, कारण त्यानंतर दोन दिवस ती वर आली नाही.

पिशवी बाजेवर निजवल्यावर आम्ही पाहिलं. पायाकडचा एक कप्पा फाटला होता आणि जवळजवळ रिकामा झाला होता. बाकीच्यांत गोळे. मी म्हटलं, दुसरी विकत घेऊ, अजून दहा दिवस आहेत.

"दुसरी नको," तेजू म्हणाली. "ही फुगली तर मी जातो. न्हाय फुगली तर राहू दे."

जिन्यावरून आक्काचा आवाज आला. "राहूच दे. वर्साच्या आत पोरीनं डोंगर धरायचा कशाला? मी हितं येकटी भिताडं बघत बसू?"

 तेजूने पिंपाचा टब घासायला घेतला.

सोडा राहिला तर पिसं मोकळी होणार नाहीत, म्हणून सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. रिठे रात्रभर भिजवलेले. सकाळी कोमट पाणी. पहिल्या पाण्यात तळहाताने दाबलं तसा सोड्याचा पांढरट फेस येत राहिला. सात वेळा पाणी बदललं. मी आणि तेजूने पोटाखाली हात घालून पिशवी उचलली. दाजींच्या जागी मी होतो, माझ्या जागी ती.  "मामा, सावकाश," ती म्हणाली, "वासरू हाय."

पुढचे दिवस मी एकही पान वाचू शकलो नाही. मी पुस्तक घेऊन गच्चीवर जात असे आणि ते तसंच उघडं राही. पिशवी उलटायची, बसायचं, उठायचं, पुन्हा हात लावायचा. दुपारी पश्चिमेकडे काळं दिसलं की मी उठून कठड्यापर्यंत जाऊन येत असे. एका दिवशी वळीव आलाच. पत्रा वाजायला लागल्यावर आम्ही बाजेसकट पिशवी जिन्यात घेतली आणि तासभर दोन पायऱ्यांवर ती धरून उभे राहिलो. खाली ठेवायला जागा नव्हती, आणि टेकवायचा धीरही नव्हता. पाऊस गेल्यावर मी उपड्या बादलीवर बसलो. तेजू माझ्याकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "तुमचा पाय."

मी खाली पाहिलं. उजवा पाय हलत होता. मी तो थांबवला.

तिसऱ्या दिवशी आत्या वर आली. बाजेशेजारी बसली आणि कापडावरूनच एक गोळा बोटांत धरला. थोडा वेळ चाचपत राहिली. म्हणाली, "हे तर वातीचा कापूस सोडवल्यागत हाय की." ती श्रावणात देवाला लाख वाती करणारी बाई. चिमटीत धरलेल्या कापसाचा एकेक तंतू तिला बोटांनी कळतो. आम्हांला एक गोळा सोडवायला पंधरा मिनिटं लागत, तिने तासाभरात अख्खी एक ओळ सोडवली. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं आसतंसा तर मी दगडाला न्हेलं नसतं."

"माहीत हाय, आत्या."

मग तिने पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी, पुडीत पांढरी बारीक पिसं. मूठभर असतील. "धुताना ही पान्यावरनं निघाली. बदकागत. मला वाटलं, माझ्या भावाचं काय निसटून चाललंय, म्हणून गुडघाभर पान्यात गेले. घावली तेवढी धरली. सुपात घालून वाळवल्यात. चालत्याल काय?"

तेजूने पुडी दोन्ही हातांत घेतली.

फाटका कप्पा आत्यानेच शिवला. तेजू म्हणाली, "आत्या, टाका बारीक घे, न्हायतर पिसं निघत्यात."

"तुझ्या बाचा पयला सदरा मी शिवलाय. मला शिकवू नगंस."

टाके मशिनीसारखे बारीक पडले. मूठभर पिसांनी कप्पा निम्माच भरला.

पाचव्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक कप्पे हाताला मोकळे लागत होते, पण पिशवी उठली नव्हती. पडल्या पडल्या सपाट होती. तेजू दर दहा मिनिटांनी तिच्याभोवती फिरत होती. निघायला चार दिवस राहिले होते आणि तिकिटाचं काय करायचं ते कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आक्का वर आली. त्या सोमवारपासून ती गच्चीवर आलेली नव्हती, आणि त्या पिशवीला तर तिने आजवर कधी हात लावला नव्हता. ती बाजेपाशी वाकली. चेन चालवली, ओढली नाही. हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला. आम्ही तिघं उभे होतो. तिने छताकडे पाहिलं.

"आत ओली हाय अजून," आक्का म्हणाली.

 तिने हात काढला, पदराला पुसला आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर पोचलो तेव्हा ती माझ्याआधी तिथे होती. पिशवी बाजेवर उठली होती, भाकरीसारखी. पायाकडे जरा बसकी, बाकी सगळी वर आलेली. आक्काने तेजूला हाक मारली. "भर. कोंबू नगंस. आन रोज सकाळी उनाला घाल. तिकडं ऊन आसतंय का न्हाय कुणाला ठावं."

तेजू गेली. जूनमध्ये परत आली, नाकाची सालं निघालेली. आक्काने पहिल्यांदा विचारलं ते हेच, "झोप लागली?"

"लागली. पायाला तेवढं गार लागायचं."

आम्ही पिशवी धुतली, पाच दिवस वाळवली. मग तेजू म्हणाली, "मामा, धरा हिकडनं," आणि आम्ही ती उन्हाकडे धरली, पिसं कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते बघायला. ही दाजींची पद्धत. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, याच गच्चीवर मी आणि त्यांनी ती अशीच धरली होती. पिशवी आमच्या मधे होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. कापडावर त्यांच्या बोटांची सावली कप्प्यामागून कप्पा मोजत खाली येत होती. "येकवीस. बावीस. तेवीस. पावणं, हलवू नका." खाली त्यांची पावलं दिसत होती, उजवं हलत होतं. "चोवीस," ते म्हणाले, "सगळी भरल्यात." मग ते पिशवी खांद्यावर घेऊन जिना उतरले आणि मी माझ्या घरी गेलो.

दुकान आता बंद आहे. गुलाबी पिशवी आक्काने तिथून मागवून घेतली, ती तिच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. निळी दाजींच्या दिवाणावर चादरीखाली पसरलेली असते. तिचे तेवीस कप्पे भरलेले आहेत. चोविसावा निम्मा आहे.